सिंकभोवतीची काळी बुरशी: ब्लीच, व्हिनेगर की हायड्रोजन पेरॉक्साइड?

सिंकच्या कडेचं सिलिकॉन काळं पडलं की बरेच जण त्यावरच नवा थर ओढतात. असं करू नका. सुकलेल्या सिलिकॉनला नवं सिलिकॉन नीट धरत नाही, आणि बुरशी खाली तशीच जिवंत राहते. आधी कटरने जुनं सगळं खरवडून काढा. फटीत व्हाइट सिमेंट असेल तर काळं पडलेलं तेही उकरा, कारण सच्छिद्र सिमेंटमध्ये ब्लीचचा परिणाम वरवरच राहतो. मग औषध निवडा, तेही ओट्याचा दगड बघून.

ग्रॅनाइटचा ओटा आणि स्टीलचं सिंक असेल तर मी ब्लीच घेते. बुरशीही मरते, काळा डागही जातो. १ भाग ब्लीचला १० भाग पाणी, हातमोजे, खिडकी उघडी. १० मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवायचंच. ब्लीच जास्त वेळ राहिलं तर स्टीलवर बारीक खड्डे पडतात.

व्हिनेगर घरातच असतं, वास सोसवतो, पण डाग बहुधा तसाच राहतो. कडप्पा किंवा संगमरवर असेल तर ते लावूच नका. दोन्ही चुनखडीच्या जातीचे दगड; आम्लाने चमक जाते ती पॉलिश केल्याशिवाय परत येत नाही. अशा ओट्याला मी मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड सुचवेन. ३ टक्क्यांचं पुरतं. बाटलीवर ६ लिहिलं असेल तर तेवढंच पाणी घाला. कडप्पा काळा असल्याने आधी कोपऱ्यात थेंबभर लावून रंग उडत नाही ना ते पाहा.

आणि हात जोडून सांगते, "एकाने गेलं नाही म्हणून वर दुसरं" हा प्रयोग नको. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा अ‍ॅसिडवालं टॉयलेट क्लीनर मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद स्वयंपाकघरात तो जिवावर बेतू शकतो.

सिलिकॉन घेतानाही दगड आठवा. लावताना व्हिनेगरसारखा वास येतो ते सिलिकॉन कडप्प्याला आणि संगमरवराला नको, दुकानात न्यूट्रल मागा.

सगळ्यात जास्त घाई होते ती वाळवण्यात. फट ओली असताना सिलिकॉन भरलं तर ते सुटतं आणि ओल आत कोंडते. रात्रभर नळ बंद, टेबलफॅन फटीवर. कोकणात, मुंबईत जुलै असेल तर मी पूर्ण दिवस देते. भरल्यावर आणखी २४ तास भांडी बाथरूममध्येच घासा.