टायमिंग बघायला काय घ्यावं: बल्ब, साधी लाइट की डायलवाली?

टायमिंग म्हणजे इंजिन फिरताना प्लगमध्ये स्पार्क नेमका कधी पडतो ते. आधी बॉनेट उघडून बघा. डिस्ट्रिब्युटर (एकेका प्लगला स्पार्क वाटणारा भाग) हाताने फिरवून टायमिंग लावता येतं का? पद्मिनी, अँबॅसडर, कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० असेल तर पुढचं वाचा. अलीकडच्या एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनवाल्या गाडीत स्पार्क कधी द्यायचा ते ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर ठरवतो. तिथे ओबीडी स्कॅनरवर (त्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) आकडा वाचता येतो, पण फिरवायला काही नसतं.

पॉइंटवाल्या गाडीला (पॉइंट म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधला उघडझाप करणारा स्विच; तो उघडला की स्पार्क पडतो) सगळ्यात स्वस्त म्हणजे १२ व्होल्टचा बल्ब आणि दोन वायरी. एक वायर कॉइलच्या (स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) डिस्ट्रिब्युटरकडे बारीक वायर जाणाऱ्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला. इग्निशन चालू करून गाडी न्यूट्रलमध्ये इंजिन हाताने हळूहळू फिरवा. पॉइंट उघडला की बल्ब पेटतो. तेव्हा इंजिनाच्या पुलीवरची टायमिंगची खूण जिथे असेल तेच तुमचं टायमिंग. खूण ओलांडली गेली तर बरंच मागे नेऊन पुन्हा पुढे या, नाहीतर गिअरमधली ढिलाई फसवते. सुरूच न होणाऱ्या गाडीला हाच उपाय चालतो. पण वेगाबरोबर वाढणारा अ‍ॅडव्हान्स (स्पार्क आधी पडणं) बंद इंजिनात दिसणार कसा? तो अ‍ॅडव्हान्स देणारी डिस्ट्रिब्युटरमधली वजनं गंजून अडकली असली तरी बल्ब बिचारा वेळेवरच पेटतो.

ते कळतं टायमिंग लाइटने, म्हणजे प्रत्येक स्पार्कबरोबर चमकणाऱ्या लाइटने. तिचा चिमटा एक नंबर प्लगच्या वायरवर लावायचा, डिस्ट्रिब्युटरला जाणारी व्हॅक्यूमची नळी काढून तोंड बंद करायचं आणि आयडलिंगवर खुणेवर उजेड मारायचा. मग रेस दिली की खूण सरकताना दिसली पाहिजे. निऑनवाली स्वस्त मिळते, पण तिचा उजेड इतका मंद की दुपारी अंगणात काही दिसत नाही. झेनॉनच घ्या. खुणेवर आधी खडू फासा. आणि हात जपा: या उजेडात फिरता पंखा थांबल्यासारखा भासू शकतो.

डायलवाली लाइट एकूण अ‍ॅडव्हान्स अंशांत सांगते. पुलीवर फक्त शून्याची खूण असली तरी भागतं. गॅरेजवाल्याला ती हवीच. घरच्या एका गाडीसाठी मी तरी जास्तीचे पैसे घालणार नाही. शिवाय दर फेरीला स्पार्क देणाऱ्या वेस्टेड स्पार्क इंजिनावर काही डायलवाल्या दुप्पट आकडा दाखवतात.

माझं मत विचाराल तर साधी झेनॉन लाइट घ्या आणि बल्ब डिकीत टाका. मात्र पॉइंटचा गॅप फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पात्यांनी) आधी लावा. गॅप बदलला की टायमिंगही हलतं, आणि मग सगळं पुन्हा करत बसावं लागतं.