बैठे काम करणाऱ्यांसाठी: सकाळचा तासभर व्यायाम की दिवसभर विखुरलेली हालचाल?

दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत जातात, तपासणीच्या अहवालात उपाशीपोटीची साखर आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक प्रकारची चरबी) सीमारेषेला टेकलेले आहेत आणि डॉक्टरांनी ‘व्यायाम सुरू करा’ एवढेच सांगितले आहे, अशा माणसापुढे साधारणपणे दोन मार्ग असतात. एक, सकाळी तासभर नेमाने व्यायाम करून मग कामाला बसायचे. दुसरा, बसणेच अधूनमधून मोडायचे, म्हणजे अर्ध्या-पाऊण तासाने उठायचे, प्रत्येक जेवणानंतर चालायचे आणि जिने चढायचे. मी हे दोन्ही मार्ग बराच काळ आचरले आहेत. माझा कल पुढे दिसेलच. तो सर्वांना लागू पडेल असा दावा मात्र नाही.

तासभराच्या व्यायामाची बाजू भक्कम आहे. दम लागेल इतक्या व्यायामाने हृदय आणि फुफ्फुसांची क्षमता जशी वाढते, तशी ती रमतगमत चालण्याने वाढत नाही, आणि एका व्यायामाने सुधारलेली इन्सुलिनची, म्हणजे रक्तातील साखर पेशींत पोहोचवणाऱ्या संप्रेरकाची, परिणामकारकता एक-दोन दिवस टिकते. दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचे जे एकत्रित विश्लेषण २०१६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले, त्यात रोज ६० ते ७५ मिनिटे मध्यम तीव्रतेची हालचाल करणाऱ्यांमध्ये, दीर्घकाळ बसण्याशी निगडित असलेला मृत्यूचा वाढीव धोका जवळजवळ नाहीसा झालेला दिसला. परंतु हे प्रमाण रोजचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांची आहे, आणि बहुतेकांची मजल तिच्या खालच्या टोकापर्यंतच जाते.

मला सकाळच्या तासाची एक गोष्ट सतत खटकत राहिली आणि निर्णय तिनेच केला: तो तास हुकला की त्या दिवसासाठी हाताशी काहीच उरत नसे. रात्री काम लांबले, झोप अपुरी झाली किंवा भल्या सकाळी बैठक लागली की व्यायाम बुडे, आणि पुढच्या दिवसाच्या आखणीत हालचालीला दुसरी जागाच नसे. एक दिवस बुडाला की दुसऱ्या दिवशी उठणे अधिक जड जाई आणि बघता बघता आठवडा कोरडा जाई. ज्या दिवशी व्यायाम होई, त्या दिवशीही ‘आजचा कोटा झाला’ या समाधानात पुढचे सगळे तास खुर्चीतच जात. पाण्याची मोठी बाटली टेबलावरच असे आणि चार पावलांवरच्या सहकाऱ्यालाही संदेश पाठवूनच विचारले जाई. दुपारच्या जेवणानंतर येणारा जडपणा सकाळी घाम गाळूनही कमी झाला नाही.

हा केवळ माझा अनुभव नसावा, असे मानायला आधार आहे. टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या प्रयोगात स्वयंसेवकांना चार दिवस रोज तेरा तासांहून अधिक बसवून ठेवले होते. त्यानंतर त्यांनी तासभर धावूनही दुसऱ्या दिवशीच्या स्निग्ध आहारानंतर ट्रायग्लिसराइडमध्ये अपेक्षित घट दिसली नाही. बसण्याने व्यायामाचाच गुण येईनासा व्हावा, ही बाब मला तरी फार गंभीर वाटते.

विखुरलेल्या हालचालीचे बळ तिच्या वेळेत आहे. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीवाचूनही रक्तातील साखर उचलू शकतो, कारण त्या आकुंचनाने ग्लूट-४ ही वाहक प्रथिने पेशीच्या पृष्ठभागावर येतात. जेवणानंतर रक्तात साखर चढत असतानाच मांड्या आणि पोटऱ्या कामाला लागल्या, तर तो चढ बोथट होतो. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाने टाइप-२ मधुमेह असलेल्यांमध्ये केलेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दिवसातून केव्हातरी सलग ३० मिनिटे चालण्यापेक्षा प्रत्येक मुख्य जेवणानंतर १० मिनिटे चालल्याने जेवणोत्तर साखर सरासरी १२ टक्के कमी राहिली, आणि संध्याकाळच्या जेवणानंतर हा फरक सर्वांत मोठा होता. चालण्याचे प्रमाण तेच होते, फक्त वेळ बदलली होती. हालचाल किमान दहा मिनिटे सलग असावी, ही जुनी अटही जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतून काढून टाकली आहे.

या मार्गाचाही जाच आहेच. दर अर्ध्या तासाला वाजणारा गजर एकाग्रता मोडतो आणि थोड्याच दिवसांत तो न ऐकताच बंद केला जातो. मी गजर सोडून दिला आणि उठणे कामांनाच बांधले. फोन आला की उभे राहून चालत बोलायचे. बाटलीऐवजी लहान पेला ठेवायचा, म्हणजे तो भरायला पुन्हा पुन्हा जावेच लागते. हे महिन्यांमागून महिने टिकले, कारण एक वेळ हुकली तरी तासाभरात दुसरी येतेच. दुपारचा जडपणाही बराच ओसरला. ते मोजून सांगता येणार नाही, पण चारच्या सुमाराला डोळे मिटू लागत नाहीत, एवढे नक्की. मात्र नुसते उभे राहून काम करण्याकडून फार अपेक्षा ठेवू नये, चालणे त्याहून सरस ठरते.

विखुरलेली हालचाल एका ठिकाणी उणी पडते आणि ते झाकण्यात अर्थ नाही. साखर साठवणारे सर्वांत मोठे कोठार म्हणजे स्नायू, आणि वयानुसार घटणारे स्नायू शतपावलीने पुरेसे राखले जात नाहीत. म्हणून आठवड्यातून दोनदा वजने किंवा उठाबशा-जोर यांसारखा ताकदीचा व्यायाम मी सोडलेला नाही. ज्यांची सकाळ खरोखर त्यांच्या हाती आहे आणि ज्यांना दम लागण्यात आनंद वाटतो, त्यांनी आपला तास मोडण्याचे कारण नाही. दिवसभराचे बसणे मात्र त्यांनीही तपासावे. ज्यांची सकाळ दुसऱ्यांच्या वेळापत्रकावर चालते, त्यांना मी रात्रीच्या जेवणानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांपासून सुरुवात करायला सुचवेन. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असतील, तर जेवणानंतरच्या चालण्याने साखर प्रमाणाबाहेर उतरू शकते, तेव्हा मात्रेबद्दल डॉक्टरांशी आधी बोलून घ्यावे.