स्विफ्टला चाकं बदलायचीत: १४ ठेवू, १५ घेऊ की १६ वर जाऊ?

माझी २०१९ ची स्विफ्ट व्हीएक्सआय, पुण्यात रोजचं ऑफिस आणि महिन्यातून एकदा भोरवरून वरंध घाट उतरून महाडकडे, घाट चालू असेल तर. कंपनीकडून आलेली १४ इंची लोखंडी डिस्क, त्यावर काळे प्लास्टिकचे व्हीलकॅप ज्यातला एक कधीच कुठेतरी उडून गेला. टायर गुळगुळीत झाले तेव्हा घरच्यांना म्हटलं की आता बदलायचेच आहेत तर अलॉयच (लोखंडाऐवजी ॲल्युमिनियमची रिम) टाकून घेऊ, आणि त्या एका वाक्याने पुढचे दोन महिने डोक्याचं भजं झालं कारण प्रत्येक दुकानात वेगळा साईज आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच, "साहेब बिनधास्त टाका, काही होत नाही". होतं. काय होतं ते लिहितोय, म्हणजे तुमचे दोन महिने वाचतील.

आधी टायरवरचा आकडा वाचायला शिका, दोन मिनिटांचं काम आहे. १६५/८० आर १४ मधलं १६५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ८० म्हणजे साईडवॉलची, टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची त्या रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिमी, आणि १४ म्हणजे रिम किती इंची. वरची भिंत अधिक खालची भिंत अधिक रिम (इंचाला २५.४ ने गुणा) केलं की चाकाची पूर्ण उंची मिळते. स्विफ्टसाठी दुकानात जे साईज पुढे येतात त्यांचा हिशोब असा निघतो:

१६५/८० आर १४ – पूर्ण उंची ६२० मिमी, साईडवॉल १३२
१८५/७० आर १४ – ६१५, साईडवॉल १३०
१८५/६५ आर १५ – ६२१, साईडवॉल १२०
१९५/५५ आर १६ – ६२१, साईडवॉल १०७
२०५/४५ आर १७ – ६१६, साईडवॉल ९२

पहिला कॉलम बघा, सगळे जवळपास सारखेच. म्हणजे "मोठं रिम टाकलं की गाडी उंच होते, स्पीडब्रेकरला घासत नाही" हे जे आपल्याकडे सर्रास बोललं जातं ते धादांत खोटं आहे, रिम जेवढं वाढतं तेवढं रबर कमी होतं, गाडी आहे तिथेच राहते. खरा फरक दुसऱ्या कॉलममध्ये. खड्ड्यात चाक आपटलं की रिम आणि रस्त्याच्या मधे उभं राहणारं हेच रबर आणि त्यातली हवा, आणि १४ वरून १७ वर गेलात तर त्यातला जवळपास एक तृतीयांश भाग तुम्ही स्वतःच्या खिशातून पैसे देऊन काढून टाकता.

आता एकेक घेऊ.

१४ च ठेवायचं असेल तर पर्याय दोन. तेच १६५/८० पुन्हा टाका, स्वस्त, ॲव्हरेज उत्तम, कुठल्याही गावात मिळतो, खड्ड्यात दणकट. वाईट काय तर ब्रेकिंग आणि पावसातली पकड यथातथाच, आणि हायवेवर बाजूने ट्रक गेला की गाडी थोडी डुलते, हा टायर मुळात मायलेजसाठीच निवडलेला आहे. दुसरा पर्याय १८५/७० आर १४, ह्याबद्दल कोणी बोलतच नाही कारण ह्यात दुकानदाराचं अलॉय खपत नाही! कंपनीच्या त्याच ५ इंच रुंद लोखंडी डिस्कवर हा टायर बसतो, उंचीत जेमतेम पाऊण टक्का कमी, आणि पहिल्या पिढीच्या स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला हाच साईज यायचा. दिसायला काही फरक पडत नाही, शेजारी कोणी विचारणार नाही, पण पकड लगेच जाणवते. बजेट कमी असेल आणि शो नको असेल तर मी हाच सांगेन. स्टिअरिंग किंचित जड होतं आणि ॲव्हरेज थोडं पडतं, तेवढं धरून चाला.

१५ इंच, १८५/६५. माझ्या मते बहुतेकांचं उत्तर इथेच आहे. स्विफ्टच्याच वरच्या मॉडेलला कंपनी हा साईज देते, म्हणजे सस्पेन्शन, एबीएस, स्पीडोमीटर सगळ्याचा विचार कंपनीने आधीच करून ठेवलाय, तुम्हाला डोकं लावायचं काम नाही. साईडवॉल १२ मिमीच कमी होतं, लोड इंडेक्स ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो (१६५/८० चा ८५, म्हणजे ५१५), आणि बाजारात ह्या साईजमध्ये जेवढी व्हरायटी आहे तेवढी दुसऱ्या कशातच नाही त्यामुळे भाव करता येतो. घाटात वळणावर फरक एकदम कळतो, आधी स्टिअरिंग फिरवलं की गाडी क्षणभर विचार करायची आणि मग वळायची, आता सांगितलं की वळते.

इथे एक सावधगिरी. दोन दुकानांत मला "१८५/६५ काय टाकता, १९५/६५ घ्या, भरीव दिसतो" म्हणून १९५/६५ आर १५ गळ्यात मारायचा प्रयत्न झाला. त्याची उंची ६३४ येते, म्हणजे मूळ चाकापेक्षा २.४ टक्के मोठं. स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा चाक आधीपेक्षा २.४ टक्के जास्त पळालेलं असतं, पिकअप मंदावतं, आणि पूर्ण स्टिअरिंग मारून पार्किंगमधून निघताना चाकाच्या खाचेतल्या प्लास्टिकच्या लायनरला घासायची शक्यता वाढते. लोक ३ टक्क्यांपर्यंत चालतं म्हणतात, पण अगदी बरोबर बसणारा साईज त्याच भावात मिळत असताना चालवून कशाला घ्यायचं?

१६ इंच, १९५/५५. दिसायला हाच सगळ्यात भारी, मान्य. व्हील आर्चमधला तो रिकामा काळा गाळा भरल्यासारखा वाटतो आणि गाडी एकदम अंगाबरोबर बसते. आणि ह्यात एक जुगाड आहे जो मला फार आवडला: बलेनोच्या वरच्या मॉडेलला कंपनीकडूनच १९५/५५ आर १६ येतात, बलेनो आणि २०१८ नंतरची स्विफ्ट दोघी एकाच हार्टेक्ट प्लॅटफॉर्मवरच्या, म्हणजे सांगाडा एकच, चार नट, १०० मिमीचं पीसीडी (नट ज्या गोलावर बसतात त्याचा व्यास), मधलं भोक ५४.१ मिमी, नटाची चुडीसुद्धा तीच. बलेनोवाले लोक नवीन गाडी घेतल्या घेतल्या फॅन्सी अलॉय टाकून कंपनीचे काढून विकतात, ते सेकंडहँड सेट जुन्या बाजारात मिळतात आणि कुठल्याही चकचकीत नवीन लोकल अलॉयपेक्षा ते जास्त भरवशाचे. फक्त घेताना रिम बॅलन्सिंग मशीनवर फिरवून बघा, वाकडं असेल तर तिथेच कळतं, आणि आतल्या बाजूला वेल्डिंगचा डाग दिसला तर हात जोडून निघून या.

मग मी १६ का नाही घेतलं? वजन. मित्राच्या गल्लीतल्या भंगारवाल्याच्या काट्यावर दोन्ही चाकं टायरसकट ठेवून बघितली, हा वेडेपणा बायकोला अजून सांगितलेला नाही. माझ्या लोखंडी १४ पेक्षा ते १६ चं अलॉय टायर धरून अडीचेक किलोने जास्त भरलं. अलॉय म्हणजे हलकं असतं हे सरसकट खरं नाही, साईज वाढला की तो फायदा खलास. चाकाचं वजन हे डिकीत ठेवलेल्या सामानासारखं नसतं, ते प्रत्येक वेळी फिरवायला लागतं आणि खड्ड्यात वरखाली आपटत असतं, म्हणून सिग्नल टू सिग्नल गाडी जरा आळशी वाटते. शिवाय टायरची किंमत १५ पेक्षा बरीच वर, आणि ती एकदा नाही, दर चार वर्षांनी द्यायची. टायरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झालाय तरी हा फरक आहेच. तुमचं फिरणं जास्त हायवेवर असेल आणि लुकची हौस असेल तर खुशाल घ्या, वाईट निर्णय नाही. पुण्याच्या आतल्या रस्त्यांवर रोज फिरणाऱ्याने मात्र दोनदा विचार करावा.

१७ बद्दल फार लिहीत नाही, माझ्या आतेभावाची गोष्ट सांगतो. त्याने हौसेने २०५/४५ आर १७ टाकले, फोटो लय भारी आले, स्टेटसला आठवडाभर तेच. पहिल्याच पावसाळ्यात कात्रजच्या पुढे पाण्याने भरलेल्या खड्ड्यात चाक गेलं, धाडकन आवाज आला, खाली उतरून बघितलं तर रिमची कड आतून चेपलेली आणि टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा. फुगा म्हणजे आतले धागे तुटले, तो टायर दुरुस्त होत नाही, फेकायचा. पंक्चरवाला बोटाने दाबून बघत म्हणाला, "दादा, ह्यात रबर आहेच कुठे?" वरून हा साईज साध्या लोडमध्ये ८४ चा येतो, म्हणजे ५०० किलो, तुमच्या मूळ टायरपेक्षाही कमी, त्यामुळे घ्यायचाच तर एक्सएल (एक्स्ट्रा लोड, जास्त वजन पेलणारा) लिहिलेला घ्यायला लागतो आणि हवा जास्त ठेवायला लागते, म्हणजे दणके अजून जास्त. छोट्या गाडीला १७ नको, विषय संपला.

साईज ठरला की मग अलॉय निवडताना तीन गोष्टी, आणि दुकानदार ह्या स्वतःहून कधीच सांगत नाही. एक, मधलं भोक. स्विफ्टचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला गोल, ५४.१ मिमी, बाजारातली बरीच अलॉय सगळ्या गाड्यांना बसावीत म्हणून मोठ्या भोकाची असतात, मधली फट भरायला हब रिंग लागते. ती नसली तर चाक फक्त नटांवर मधोमध धरलेलं राहतं आणि ऐंशी-नव्वदच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागतं, मग तुम्ही तीनदा बॅलन्सिंग करता आणि काही फरक पडत नाही. दोन, नट. मारुतीची चुडी १२ बाय १.२५ (जाडी १२ मिमी, दोन आट्यांमधलं अंतर १.२५ मिमी), होंडा टोयोटाची १२ बाय १.५, दुकानातल्या डब्यातला चुकीचा नट पहिले दोन आटे जातो आणि मग अडकतो, तिथे पोऱ्याने गन लावली की स्टड गेलाच समजा. नट आधी हाताने फिरवायला सांगा, समोर उभं राहून.

तीन, ऑफसेट, म्हणजे ईटी, रिमच्या रुंदीच्या मध्यापासून हबला टेकणारी बाजू किती मिमी बाहेर आहे तो आकडा, रिमच्या आतल्या बाजूला कोरलेला असतो; तो कमी झाला की चाक बाहेर येतं. समजा मूळ रिम ५ इंच रुंद ईटी ४५ आणि नवीन ७ इंच ईटी ३५, तर रुंदी दोन इंच वाढली त्यातला एक इंच बाहेर, एक आत, वर ऑफसेटचे १० मिमी बाहेर, म्हणजे चाकाची बाहेरची कड तब्बल ३५ मिमी पुढे आली. चार माणसं बसली की मागे फेंडरला घासणार, चिखल दारावर उडणार, आणि बेअरिंगवर लोड वेगळा. १८५ च्या टायरला साडेपाच इंच रिम नेमकं, सहा चालतं, त्यापुढे जायचं कारण नाही.

कागदांचं पण बघून ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वरून सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय की कंपनीने दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनपासून गाडी वेगळी करता येत नाही. कंपनी ज्या मॉडेलला जो साईज देते त्याच्या आत राहिलात तर कोणाशी वाद घालायची वेळ येत नाही, हेही १५ च्या बाजूने जाणारं कारण. बाहेरचं अलॉय टाकलं तर इन्शुरन्सवाल्याला कळवून पॉलिसीत चढवून घ्या, नाहीतर क्लेमच्या वेळी लोखंडी डिस्कचे पैसे हातात पडतात.

मी शेवटी स्विफ्टच्या वरच्या मॉडेलचे कंपनीचे १५ इंची अलॉय सेकंडहँड उचलले आणि टायर नवे घेतले, बनावटीची तारीख बघून. साईडवॉलवर लंबगोलात चार आकडे असतात, २३२५ असेल तर २०२५ चा तेविसावा आठवडा, दीड वर्षं गोडाऊनमध्ये पडलेला माल परत करा. जुनी १४ ची डिस्क स्टेपनी म्हणून ठेवली, उंचीत दीड-दोन मिलिमीटरचाच फरक असल्याने घरी पोचेपर्यंत काहीच त्रास नाही. बसवल्यावर पन्नासेक किलोमीटर चालवून नट पुन्हा आवळून घेतले, एक नट खरंच पाव आटा फिरला.

अलॉय चोरीला जातात म्हणून लॉक नट पण टाकले. त्याची ती छोटी चावी जपून ठेवावी म्हणून घरी कपाटात ठेवली, आणि पहिलं पंक्चर भोरच्या पुढे झालं.