एसआयपी गेटवेवरचे टाइमआउट आणि रिट्राय : आठ महिने वापरल्यानंतर

आमच्याकडे एक व्हॉइस गेटवे आहे, म्हणजे साध्या फोन लाइन आणि इंटरनेटवरचे फोन यांना जोडणारी पेटी. एका बाजूला जुन्या ॲनालॉग लाइन आणि आतली एक्स्टेन्शन्स, दुसऱ्या बाजूला दोन वेगवेगळ्या पुरवठादारांच्या दोन एसआयपी ट्रंक (एसआयपी म्हणजे इंटरनेटवरून फोन लावायची पद्धत, ट्रंक म्हणजे त्या पद्धतीने पुरवठादाराशी जोडलेली बाहेरची लाइन). पहिली ट्रंक मुख्य, दुसरी राखीव. पहिली पडली की कॉल आपोआप दुसरीवरून जायचा, अशी मांडणी. कागदावर ती बरोबर होती. पहिली ट्रंक पहिल्यांदा खरंच पडली त्या दिवशी मात्र सगळ्यांची एकच तक्रार आली, ‘नंबर फिरवला की काहीच ऐकू येत नाही, फोन बंद आहे.’ फोन बंद नव्हता. गेटवे दुसऱ्या ट्रंककडे वळत होता, पण बत्तीस सेकंदांनी. कानाला फोन लावून बत्तीस सेकंद शांतता ऐकत कुणी थांबत नाही. दहाव्या सेकंदाला माणूस फोन ठेवतो आणि पुन्हा फिरवतो, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून बत्तीस सेकंद.

ते बत्तीस येतात कुठून हे कळल्याशिवाय सेटिंगला हात लावू नये, हे मी आता म्हणतो. तेव्हा आधी हात लावला आणि नंतर समजून घेतलं. हिशोब साधा आहे. एसआयपीचे नियम सांगणाऱ्या २००२ सालच्या आरएफसी ३२६१ या इंटरनेट-मानकाच्या दस्तऐवजात टी-१ नावाची एक मूळ वेळ धरली आहे, ५०० मिलिसेकंद. पॅकेट जाऊन उत्तर परत यायला लागणाऱ्या वेळेचा तो अंदाज. यूडीपीवर, म्हणजे पोचल्याची खात्री न देणाऱ्या वाहतुकीवर, इन्व्हाइट (कॉल सुरू करायची विनंती) पाठवला आणि टी-१ इतक्या वेळात काहीच उत्तर आलं नाही, तर तोच इन्व्हाइट पुन्हा जातो, आणि दर वेळी मधलं अंतर दुप्पट होतं. म्हणजे ०, ०.५, १.५, ३.५, ७.५, १५.५ आणि ३१.५ सेकंदांना. एकूण सात वेळा. टी-१ च्या ६४ पट वेळ झाली, म्हणजे ३२ सेकंद, की टायमर बी, म्हणजे उत्तराची वाट बघायची कमाल मुदत, संपतो आणि गेटवे तो नाद सोडतो. मधेच ‘१०० ट्रायिंग’ (प्रयत्न चालू आहे) किंवा दुसरं कुठलंही तात्पुरतं उत्तर आलं तर हे पुन्हा पाठवणं तिथेच थांबतं. पुढे रिंग किती वेळ वाजू द्यायची हा निराळा टायमर.

हा फरक माझ्या गेटवेच्या पानावर कुठेच स्पष्ट नाही. ‘कॉल टाइमआउट’ नावाचा एक रकाना आहे. तो नो-आन्सरचा, म्हणजे रिंग किती वेळ वाजू द्यायची त्याचा, टायमर निघाला, मूळ आकडा १८० सेकंद. मी तो आधी २० केला. पहिल्या ट्रंकचा प्रश्न जिथे होता तिथेच राहिला, आणि आतल्या लोकांनी फोन उचलायच्या आत कॉल कटू लागले. वर एककाचा घोळ : एका पानावर सेकंद, दुसऱ्या पानावर मिलिसेकंद, आणि रकान्याशेजारी काही लिहिलेलं नाही. आकडा टाकायच्या आधी तिथला मूळ आकडा वाचावा. १८० दिसलं तर सेकंद, १८०००० दिसलं तर मिलिसेकंद.

मग खरा रकाना सापडला आणि मी दुसरी चूक केली. ती सविस्तर सांगतो, कारण बरेच जण तीच करत असणार. टी-१ मी ५०० वरून २०० वर आणला आणि इन्व्हाइटचे रिट्राय (पुन्हा पाठवणं) सहावरून दोनवर. माझा गेटवे शेवटच्या रिट्रायनंतर आणखी एक दुप्पट अंतर थांबतो, हे ट्रेसमध्ये, म्हणजे गेलेल्या-आलेल्या संदेशांच्या नोंदीत, दिसलं. म्हणजे ०, ०.२, ०.६ सेकंदांना तीन इन्व्हाइट आणि १.४ सेकंदाला दुसऱ्या ट्रंककडे उडी. पहिली ट्रंक काढून चाचणी घेतली, कॉल जवळजवळ लगेच लागला. मी खूश झालो. दोन आठवडे छान गेले.

नंतर गर्दीच्या वेळेला विचित्र तक्रारी येऊ लागल्या. ज्याला फोन केला तो म्हणायचा, ‘तुमच्याशी बोलतोय आणि तुमचाच दुसरा कॉल वेटिंगवर येतोय.’ काही जणांना नुसती रिंग यायची, उचलल्यावर पलीकडे कुणी नसायचं. माझ्या सहकाऱ्याने दोन्ही ट्रंकचा ट्रेस एकत्र काढला तेव्हा उलगडा झाला. पहिली ट्रंक पडलेली नव्हतीच, हळू झाली होती. तिचं ‘१०० ट्रायिंग’ दीड-पावणेदोन सेकंदांनी येत होतं. तोवर आमच्या गेटवेने दुसऱ्या ट्रंकवर नवा कॉल टाकलेला असायचा. पहिल्या पुरवठादाराकडे इन्व्हाइट पोचला होता, त्याने तो इमानाने पुढे पाठवला. दोन्हीकडून एकाच माणसाला रिंग.

मग गेटवेने पहिला कॉल कॅन्सल का केला नाही? कारण नियमच तसा आहे : एकही तात्पुरतं उत्तर आलेलं नसताना कॅन्सल पाठवायचा नाही. पलीकडे इन्व्हाइट पोचला की नाही हेच माहीत नसेल तर कॅन्सल त्याच्या आधी पोचू शकतो. आणि उत्तर आलं तेव्हा आमच्या बाजूचा तो व्यवहार संपवून टाकलेला होता, म्हणून त्या उत्तराला वालीच नव्हता. घाई केली की कॉल मागे घ्यायची सोयही हातातून जाते. ही गोष्ट कळल्यावर टायमरकडे बघायची माझी नजरच बदलली. आता मी ‘किती लवकर सोडायचं’ असं विचारत नाही. पलीकडचा जिवंत असेल तर जास्तीत जास्त किती उशिरा बोलेल, ते आधी मोजतो. आठवडाभराच्या ट्रेसमधून इन्व्हाइट ते पहिलं उत्तर एवढाच वेळ काढायचा, आणि तोही गर्दीच्या तासांचा.

टी-१ परत ५०० केला. २०० वर आणण्यात तसाही अर्थ नव्हता. पलीकडच्या सर्व्हरला २०० मिलिसेकंदांत खरं उत्तर देता येणार नसेल तर त्याने ‘१०० ट्रायिंग’ पाठवायचं असतं. म्हणजे २०० मिलिसेकंद गप्प राहण्याची त्याला मुभाच आहे, आणि त्यावर जाण्यायेण्याचा वेळ. टी-१ तेवढाच ठेवला तर धडधाकट ट्रंकवरही इन्व्हाइट विनाकारण दोनदा जातो. ट्रंक दमलेली असेल तर आपण तिच्यावर ओझं वाढवतो. टी-१ कमी करायची परवानगी बंदिस्त, खासगी नेटवर्कपुरती आहे. सार्वजनिक इंटरनेटवर ती धरू नये. उलट भूस्थिर उपग्रहावरून जाणारी लाइन असेल तर फेरीलाच अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त लागतो, तिथे टी-१ वाढवायला हवा. मात्र तसा वाढवला की ६४ पटीचा टायमर बीसुद्धा वाढतो, हे लक्षात ठेवावं लागतं.

रिट्राय दोनच ठेवले. आता ०, ०.५, १.५ ला इन्व्हाइट आणि ३.५ सेकंदाला दुसरी ट्रंक. आमच्या मोजमापात जिवंत ट्रंकचं सर्वांत उशिराचं पहिलं उत्तर दोन सेकंदांच्या आत होतं, त्यामुळे दीड सेकंदाची मोकळीक राहते. दुहेरी रिंग त्यानंतर एकदाही आलेली नाही.

इथे एक कळकळीची विनंती. रिट्राय कमी करायचे ते फक्त इन्व्हाइटचे. बायचे, म्हणजे कॉल संपवायच्या संदेशाचे, करू नका. इन्व्हाइट वाया गेला तर दुसरा रस्ता आहे. बाय हरवला तर दुसरा रस्ता नाही. त्या कॉलचा निरोप त्याच मार्गाने पोचायला हवा, नाहीतर पलीकडे कॉल चालूच राहतो, चॅनेल अडकतो आणि बिलही चालू राहतं. काही गेटवेवर सगळ्यांना मिळून एकच ‘रिट्राय’ रकाना असतो. तसा असेल तर मी तो मूळ आकड्यावरच ठेवेन. आमच्याकडे सुदैवाने रकाने वेगळे आहेत. बाय, कॅन्सल, रजिस्टर (नोंदणी), सगळे जसे होते तसे.

साडेतीन सेकंदसुद्धा प्रत्येक कॉलने का सोसायचे? म्हणून ऑप्शन्सचा पिंग लावला, म्हणजे ‘जिवंत आहेस का’ अशी ठराविक वेळाने विचारणा. दर मिनिटाला गेटवे दोन्ही ट्रंकना ऑप्शन्स पाठवतो आणि उत्तर न देणारी ट्रंक यादीतून बाजूला काढतो, त्यामुळे पडलेल्या ट्रंकवर कॉल जातच नाही. आठ महिन्यांत सगळ्यात उपयोगी पडलेलं सेटिंग कुठलं असं विचारलं तर मी हेच सांगेन. त्याच्याही दोन खोडी आहेत. ऑप्शन्सलाही रिट्रान्समिशन, म्हणजे पुन्हा पाठवणं, आहे, फक्त त्याचं अंतर वाढत जाऊन टी-२ या कमाल मर्यादेवर, म्हणजे ४ सेकंदांवर, अडतं. एकूण अकरा वेळा जाऊन तोही ३२ सेकंदांनीच हरतो. म्हणजे एक पिंग हरायलाच अर्धं मिनिट, आणि ‘पाच पिंग हरले तर ट्रंक पडली’ असं ठेवलं तर कित्येक मिनिटं निघून जातात. मी दोन ठेवले. दुसरं, ४०४ (सापडलं नाही) किंवा ४०५ (ही विनंती चालत नाही) असं उत्तर आलं तरी ट्रंक जिवंत धरायला हवी, कारण पलीकडे कुणीतरी बोलतंय. माझा गेटवे फक्त २०० (ठीक आहे) या उत्तराला जिवंत मानत होता. प्रगत सेटिंगमध्ये ते बदलावं लागलं.

पिंगला उत्तर येतं पण कॉल जात नाहीत, असंही घडतं. पुरवठादाराची कडेची पेटी उत्तर देते, मागचं यंत्र झोपलेलं असतं. त्या वेळी साडेतीन सेकंदांचा आधार असतोच. पिंग लावला म्हणून रिट्रायचा आकडा मोकळा सोडू नका.

बत्तीस सेकंदांचाच आणखी एक प्रकार आहे आणि त्याच्याशी या सेटिंगचा काही संबंध नाही, म्हणून सांगतो. कॉल लागतो, बोलणं चालू होतं आणि बरोबर बत्तिसाव्या सेकंदाला कटतो. मला टायमर वाढवायचा सल्ला मिळाला होता. तो चुकीचा आहे. तिथे फोन उचलणाऱ्या बाजूने पाठवलेल्या ‘२०० ओके’ला ॲक, म्हणजे पोचपावती, मिळत नसतो. ती बाजू ओके पुन्हा पुन्हा पाठवते आणि ६४ पट वेळ झाली की बाय करते. ॲक का पोचत नाही ते शोधायचं. आमच्याकडे कॉन्टॅक्ट हेडरमध्ये, म्हणजे पुढचे संदेश कुठे पाठवायचे ते सांगणाऱ्या ओळीत, आतला खासगी पत्ता जात होता, आणि राउटरमधलं एसआयपी एएलजी (एसआयपी संदेशातले पत्ते परस्पर बदलणारी सोय) त्यात आणखी गोंधळ घालत होतं. एएलजी बंद केलं, गेटवेला बाहेरचा पत्ता नीट सांगितला, प्रश्न संपला.

रिट्रान्समिशन हे अधूनमधून हरवणाऱ्या पॅकेटवरचं औषध आहे. दर वेळी हरवणाऱ्या पॅकेटवर त्याचा काही उपयोग नाही. पाचव्या महिन्यात हे पुन्हा दिसलं. ठराविक एक्स्टेन्शनवरूनच कॉल जात नव्हते. सगळे रिट्राय जायचे आणि एकाचंही उत्तर नसायचं. त्या एक्स्टेन्शनवर कोडेकची (आवाज डिजिटल रूपात बांधायच्या पद्धतींची) लांबलचक यादी होती, त्यामुळे इन्व्हाइट फुगला होता, यूडीपीवर त्याचे तुकडे होत होते आणि वाटेतली फायरवॉल तुकडे टाकून देत होती. वाटेचा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) माहीत नसेल तर १३०० बाइटपेक्षा मोठी रिक्वेस्ट टीसीपीसारख्या, पोचल्याची खात्री करणाऱ्या, वाहतुकीवरून पाठवावी, असं आरएफसी सांगतो. आम्ही कोडेक कमी केले आणि ती ट्रंक टीसीपीवरही नेली.

आणि तिथे पुन्हा ठेच लागली. टीसीपीवर इन्व्हाइट पुन्हा पाठवला जातच नाही, त्यामुळे ‘रिट्राय दोन’ या आकड्याला तिथे अर्थ उरत नाही. टायमर बी मात्र तसाच, ३२ सेकंदांचा. जोडणी उघडी आहे आणि पलीकडचं यंत्र गप्प आहे, अशा वेळी आमचा कॉल पुन्हा अर्धं मिनिट लटकला. टीसीपीसाठी टायमर बीचा वेगळा रकाना शोधून तो ४ सेकंद केला. वाहतूक बदलली की टाइमआउटची चाचणी पुन्हा घ्यावी लागते, हे मला आधी सुचायला हवं होतं.

सेशन टायमरवर, म्हणजे चालू कॉल अजून जिवंत आहे का हे ठराविक वेळाने तपासणाऱ्या टायमरवर, थोडक्यात. तो आरएफसी ४०२८ चा विषय. मूळ शिफारस १८०० सेकंदांची, किमान ९०. तुमचे कॉल २९ मिनिटं २८ सेकंदांच्या आसपास कटत असतील तर रिफ्रेश, म्हणजे मुदत पुन्हा वाढवणं, होत नाहीये असं समजा. रिफ्रेश न करणाऱ्या बाजूने मुदतीच्या ३२ सेकंद आधी बाय करावा अशी शिफारस आहे. आम्ही १८०० च ठेवलं. वीज जाऊन गेटवे मधेच बंद पडला तर पलीकडे लटकलेले कॉल यामुळेच साफ होतात, म्हणून तो बंद करू नये.

गेटवेबद्दल माझी खरी तक्रार एकच आहे आणि ती गंभीर आहे. सातव्या महिन्यात फर्मवेअर अपडेट केलं आणि सगळे टायमर गुपचूप मूळ आकड्यांवर गेले. पिंगची सेटिंग राहिली, रिट्राय पुन्हा सहा. बॅकअपमधून परत आणलं तरी टीसीपीचा टायमर बी आला नाही, तो हाताने भरावा लागला. आता आकड्यांचा कागद रॅकच्या दारावर चिकटवला आहे. अपडेटनंतर पहिल्या ट्रंकची केबल काढून एक कॉल लावायचा आणि घड्याळ बघायचं. पिंगला ट्रंक पडल्याचं कळायच्या आत, म्हणजे केबल काढल्या काढल्या, कारण तपासायचे असतात ते साडेतीन सेकंद.