अंब्रिज, यूएल की हिली? द्वेष्ट्या खलपात्रावरच्या गटचर्चेसाठी कादंबरी निवडताना

पूर्वग्रहावर गटात बोलायचं ठरलं की लेखापेक्षा कादंबरी सोयीची वाटते, आणि ते खरंही आहे. पानावरचा द्वेष्टा माणूस वाचकाला चटकन पेटवतो. पण हा राग कुणावर जातो आणि कुणाला सोडून देतो, हे प्रत्येक पुस्तकात वेगळं असतं. पुस्तक निवडताना आधी तेच पाहावं. खलपात्र किती दुष्ट आहे, हा प्रश्न त्यानंतरचा.

इथे तीन कादंबऱ्या शेजारी शेजारी ठेवल्या आहेत: जे. के. रोलिंगची ‘हॅरी पॉटर अँड द ऑर्डर ऑफ द फिनिक्स’ (२००३), हार्पर लीची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ (१९६०) आणि कॅथरिन स्टॉकेटची ‘द हेल्प’ (२००९). त्यातली खलपात्रं अनुक्रमे डोलोरेस अंब्रिज, बॉब यूएल आणि हिली होलब्रूक. ज्यांना निर्णय लगेच हवा आहे त्यांच्यासाठी आमचं मत आधीच सांगतो. तेरा ते सोळा वयाच्या मुलांबरोबर अंब्रिज घ्या. घर चालवणाऱ्या, पगारी मदतनीस ठेवणाऱ्या मोठ्यांच्या गटाला हिली घ्या. गट मुरलेला असेल, एकमेकांचं न पटणारं ऐकून घेण्याची सवय असेल, तर ‘मॉकिंगबर्ड’ घ्या. त्यातलं खलपात्र तिघांत सर्वांत उथळ आहे आणि पुस्तक सर्वांत खोल, त्यामुळे चर्चा नेमकी तिथेच फसते.

अंब्रिज: सगळ्यांत जास्त राग, पण भलत्याच कारणासाठी

या मालिकेचा मुख्य खलनायक माणसं मारतो, तरी असंख्य वाचकांच्या मनात त्याच्यापेक्षा जास्त चीड अंब्रिजबद्दल असते. पुस्तक आलं त्याच वर्षी स्टीफन किंगने परीक्षणात लिहिलं होतं की हॅनिबल लेक्टरनंतरचं हे सर्वांत जबरदस्त काल्पनिक खलपात्र आहे. कारण उघड आहे. जादूगारांचा हुकूमशहा कुणी पाहिलेला नसतो. पण गुलाबी कार्डिगन घातलेली, मांजरीच्या पिल्लांच्या बशा भिंतीवर लावणारी, गोड आवाजात नियम वाचून दाखवत छळणारी अधिकारी व्यक्ती प्रत्येकाने कुठल्या ना कुठल्या कार्यालयात किंवा वर्गात पाहिलेली असते. ती आवाज चढवत नाही, घसा खाकरते. ती मारत नाही, मुलाला त्याच्याच रक्ताने ‘मी खोटं बोलणार नाही’ असं लिहायला लावते, आणि ती अक्षरं त्याच्या हातावर कोरली जातात.

अडचण इथेच सुरू होते. वाचक तिचा तिरस्कार करतो तो तिने हॅरीला छळलं म्हणून. पण हॅरी तिच्या पूर्वग्रहाचा बळी नाहीच. तो अंब्रिजला शाळेत पाठवणाऱ्या जादूगारांच्या मंत्रालयाला गैरसोयीचं सत्य बोलतो म्हणून तिच्या तावडीत सापडतो. तिचा खरा द्वेष अर्धमानवांबद्दल आहे: नरलांडगे, जलमानव, नराश्व, हॅग्रिडसारखे राक्षसवंशीय. हे सगळं पुस्तकात आहे, पण हातावरच्या जखमेइतकं ठसठशीत नाही. चौदाव्या प्रकरणात सिरियस सांगतो की नरलांडग्यांविरुद्धचा कायदा तिनेच लिहिला आणि त्यामुळे नरलांडगा असलेल्या ल्युपिनला काम मिळणं जवळजवळ अशक्य झालं. एकविसाव्या प्रकरणात ती हॅग्रिडच्या तासाची तपासणी करते तेव्हा मंदबुद्धी परदेशी माणसाशी बोलावं तशी मोठ्याने, सावकाश, हातवारे करत बोलते, आणि वर वहीत नोंदवते की यालाच हातवारे करावे लागतात. पूर्वग्रह कसा चालतो हे दाखवणारा यापेक्षा नेमका प्रसंग तिन्ही पुस्तकांत नाही. निष्कर्ष आधी ठरलेला असतो, निरीक्षण त्यासाठी रचलं जातं, आणि कागदावर ते पुरावा म्हणून उतरतं.

मुलांबरोबर वाचताना चर्चा हमखास ‘आमच्याही एक बाई अशाच आहेत’ या वळणाला लागते आणि शिस्तीच्या तक्रारींत संपते. ती अडवू नका, पंधरा मिनिटं चालू द्या. मग फळ्यावर दोन रकाने करायला सांगा. एकात अंब्रिज कुणाकुणाला शिक्षा करते, दुसऱ्यात ती कुणाकुणाला कमअस्सल समजते. दोन्ही याद्या वेगळ्या निघतात. हॅरी पहिलीत येतो, ल्युपिन दुसरीत. खरं बोलणं त्या वेळेपासून सुरू होतं.

पुस्तक मोठं आहे. अडतीस प्रकरणं, मूळ ब्रिटिश आवृत्तीची ७६६ पानं. सगळं वाचायला वेळ नसेल तर बारावं, तेरावं, चौदावं, एकविसावं आणि अठ्ठाविसावं ही प्रकरणं घ्या, आणि त्यांना सातव्या पुस्तकाचं (२००७) तेरावं प्रकरण जोडा. हे शेवटचं वगळू नका. तिथे अंब्रिज मगलकुळात, म्हणजे जादू न येणाऱ्या घरात, जन्मलेल्यांच्या नोंदणी आयोगाची प्रमुख आहे आणि समोर बसलेल्या बाईला विचारते, ही छडी तू कोणाकडून चोरलीस? पाचव्या पुस्तकात जो स्वभाव वाटतो तो इथे सरकारी खातं झालेला दिसतो. रोलिंगने २०१४ साली स्वतंत्रपणे लिहिलेल्या टिपणात अंब्रिजची आई जादूगार नव्हती आणि हे तिने आयुष्यभर लपवलं, असं सांगितलं आहे. ही माहिती चर्चेच्या अखेरीस द्या. आधी दिलीत तर मुलं सगळ्याचं स्पष्टीकरण त्यातच शोधतात आणि कायदे, आयोग, सह्या करणारे बाकीचे लोक बाजूला पडतात.

काल्पनिक जगाचा एक फायदा मोठा आहे. खोलीत कुणीच नरलांडगा नसतो, त्यामुळे कुणाला स्वतःची जखम उघडी करावी लागत नाही. तोटाही तोच. कुणालाच उत्तर द्यावं लागत नाही.

बॉब यूएल: शिवी खाणारा एक, शिक्षा देणारे बारा

अलाबामातलं मेकॉम्ब हे काल्पनिक गाव, १९३०चं दशक. यूएल दारुडा आहे, उकिरड्यामागे राहतो, सरकारी मदतीचे पैसे पिण्यात घालवतो, पोरांना उपाशी ठेवतो, मुलीला मारतो आणि त्या मारहाणीचा आळ टॉम रॉबिन्सन या काळ्या माणसावर घालतो. लेखिकेने त्याच्यात वाचकाला आवडावं असं काहीच ठेवलेलं नाही. म्हणून त्याच्यावर चिडणं फुकट पडतं. शिवाय त्या चिडीतला बराचसा भाग त्याच्या गरिबीची, घाणीची, अडाणीपणाची किळस असतो. म्हणजे पूर्वग्रहाविरुद्धच्या चर्चेत वर्गाचा पूर्वग्रह नकळत येऊन बसतो, आणि शहरी सुशिक्षित गटात तो कुणाच्या लक्षातही येत नाही.

खटला सतराव्या ते एकविसाव्या प्रकरणात आहे. ही पाच प्रकरणं सलग एका बैठकीसाठी ठेवा, तोडू नका. पुरावा नीट मांडून घ्या. यूएलची मुलगी मायेला हिच्या चेहऱ्याची उजवी बाजू सुजली होती, म्हणजे मारणारा बहुधा डावखुरा. यूएल डाव्या हाताने सही करतो. टॉमचा डावा हात लहानपणी कापसाच्या जिनमध्ये सापडून निकामी झालेला आहे. इतकं सगळं समोर असताना ज्युरी त्याला दोषी ठरवते. आता गटाला विचारा, टॉमला दोषी कुणी ठरवलं? निम्मे लोक तरी पटकन यूएलचं नाव घेतील. तो तर फक्त खोटं बोलला. निकाल देणारे बारा जण शेतावर राबणारे, आपापल्या घरी सज्जन समजले जाणारे गोरे पुरुष होते. यूएलला तर गावात कुणी विचारतही नाही, तरी टॉमपेक्षा त्याच्या शब्दाला वजन आहे, आणि ते वजन गावाने दिलेलं आहे.

पुढची दोन प्रकरणं लोक घाईत उरकतात, तीच सर्वांत मोलाची आहेत. चोविसाव्यात चर्चच्या बायका चहा पिता पिता आफ्रिकेतल्या दूरच्या जमातीसाठी हळहळतात आणि आपल्या घरच्या काळ्या नोकरांच्या रुसलेल्या चेहऱ्यांबद्दल कुरकुरतात. त्याच दुपारी टॉमला गोळ्या घातल्याची बातमी येते. सव्विसाव्यात शाळेतल्या बाई हिटलरने ज्यूंवर केलेल्या अत्याचारांबद्दल मनापासून बोलतात. पण खटल्यानंतर कोर्टातून बाहेर पडताना याच बाई ‘त्यांना’ धडा मिळायलाच हवा होता असं म्हणाल्याचं गोष्ट सांगणाऱ्या छोट्या स्काउटच्या कानावर आलेलं असतं, आणि तिला ते जुळवता येत नाही. यूएलवर एक मिनिट खर्च करा, या बाईंवर अर्धा तास.

या पुस्तकाची उणीवही सांगायला हवी. टॉम रॉबिन्सन सविस्तर बोलतो तो जवळजवळ फक्त एकोणिसाव्या प्रकरणात, साक्षीच्या पिंजऱ्यात. ज्याचं आयुष्य उद्ध्वस्त झालं त्याच्या मनात वाचकाला शिरता येत नाही, आणि सगळी माया ॲटिकस या गोऱ्या वकिलावर गोळा होते. २०१५ साली ‘गो सेट अ वॉचमन’ प्रसिद्ध झालं, त्यात उतारवयातला ॲटिकस वर्णभेद टिकवू पाहणाऱ्यांच्या सभेत बसलेला दिसतो, आणि जगभरचे वाचक हादरले. यूएलमधल्या द्वेषाने कुणी हादरलं नव्हतं. वेळ असेल तर ही प्रतिक्रियाच चर्चेला घ्या.

वर्णवाचक शिवी या पुस्तकात पुन्हा पुन्हा येते. २०१७ मध्ये मिसिसिपीतल्या बिलॉक्सी इथे आठवीच्या वर्गातून पुस्तक काढलं गेलं, ते यातल्या भाषेमुळे लोक अस्वस्थ होतात या कारणाने. गटात मोठ्याने वाचणार असाल तर पहिल्याच दिवशी ठरवून टाका: ती शिवी छापलेली पाहायची, तोंडाने उच्चारायची नाही, तिथे क्षणभर थांबून पुढे जायचं. हे ऐनवेळी ठरवायला गेलात तर अर्धी बैठक त्यातच जाते.

हिली: जी आपल्या ओळखीची निघते

मिसिसिपीतलं जॅक्सन शहर, १९६२पासूनची दोन वर्षं. हिली होलब्रूक सुखवस्तू घरातली, महिला मंडळाची अध्यक्ष, उत्साही, मैत्रिणींना धरून राहणारी. तिची मोहीम अशी की प्रत्येक गोऱ्या घरात काळ्या मोलकरणीसाठी वेगळा संडास असावा, कारण ‘त्यांचे’ रोग वेगळे असतात. हीच बाई आफ्रिकेतल्या उपाशी मुलांसाठी निधी जमवते. घरची मोलकरीण यूल मे जुळ्या मुलांच्या कॉलेजच्या फीसाठी ७५ डॉलर उसने मागते तेव्हा मात्र ती नकार देते, तोही उपदेशासकट.

मराठी गटात हे पुस्तक वेगळं का पडतं, हे वेगळं समजवावं लागत नाही. कामवाल्या बाईंचा ओट्याखाली वेगळा ठेवलेला कप, सोसायटीतली वेगळी लिफ्ट, ‘आमचं बाथरूम नको, खालचं वापरा’ हे सगळं आपल्या शहरांत आजही आहे, आणि त्यामागे स्वच्छतेचंच कारण सांगितलं जातं. हिलीवरचा राग पहिल्या बैठकीत खणखणीत असतो, दुसऱ्या बैठकीत खोली गप्प होते. ती शांतता मोडायची घाई करू नका.

फसगत होते ती चॉकलेट पायमुळे. मिनी ही काळी मोलकरीण त्या पायमध्ये आपली विष्ठा घालून हिलीला खाऊ घालते आणि वाचक आनंदाने उसळतो. हिलीची फजिती झाली की हिशेब चुकता झाल्यासारखं वाटतं. पण कादंबरीचा शेवट पाहा. चांदीच्या चमच्यांच्या चोरीचा आळ येऊन एबिलीन या मोलकरणीची नोकरी जाते. आळ हिली घेते, पण कामावरून काढणारी असते तिची मालकीण आणि हिलीची मैत्रीण एलिझाबेथ, जिला तो आळ खोटा आहे हे पुरतं ठाऊक असावं. हिलीविरुद्ध बोलायची हिंमत नसलेली, मैत्री टिकावी म्हणून मान डोलावणारी एलिझाबेथ गटातल्या बहुतेकांच्या जास्त जवळची असते. म्हणून प्रश्न तिच्याबद्दल विचारा: तिला कोणत्या प्रसंगी वेगळं वागता आलं असतं, आणि त्याची तिला काय किंमत पडली असती?

या पुस्तकावरचा आक्षेपही गंभीर आहे. २०११ मध्ये चित्रपट आला तेव्हा अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्री-इतिहासकारांच्या संघटनेने जाहीर निवेदन काढून सांगितलं की घरकामगार स्त्रियांचं खरं जगणं, त्यांच्यावर होणारे लैंगिक अत्याचार आणि त्यांची चळवळ इथे झाकली जाते, आणि त्यांची बोलीही विद्रूप केली आहे. तो आक्षेप आम्हाला पटतो. म्हणून हे पुस्तक एकटं देऊ नये. सोबत बेबी हालदार यांचं ‘आलो आँधारि’ ठेवा. गुरगावात घरकाम करणाऱ्या बाईने स्वतःचं आयुष्य स्वतः लिहिलेलं आहे, आणि त्यात मालकिणींची चित्रं बाहेरून नाही, ओट्यापाशी उभं राहून काढलेली आहेत.

एक वेगळा पर्याय, थोडक्यात

काही जण याच विषयासाठी डिकन्सची ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ सुचवतात. त्यातल्या फॅगिन या खलपात्राचा प्रश्न मात्र निराळा आहे. तिथे खलपात्र पूर्वग्रहदूषित नाही, ते पूर्वग्रहातून घडवलेलं आहे. पुस्तकात त्याला नावाऐवजी शेकडो वेळा नुसतं ‘तो ज्यू’ म्हटलं आहे. १८६३ मध्ये एलायझा डेव्हिस या ज्यू वाचक स्त्रीने डिकन्सला पत्र लिहून हा समाजावर अन्याय असल्याचं कळवलं. आधी त्याने स्वतःचं समर्थन केलं, पण पुढच्या कादंबरीत राया हा सज्जन ज्यू आणला आणि १८६७च्या आवृत्तीत उत्तरार्धातले ते उल्लेख बरेचसे काढून टाकले. लेखकाच्याच हातून झालेला अन्याय हा तुमचा विषय असेल तर यासारखं उदाहरण नाही. नसेल तर चर्चा दोन दिशांना ओढली जाते.

पुस्तक कोणतंही घ्या, बैठक दीड तासाची ठेवा आणि आठ ते बारा माणसं असू द्या. याहून मोठ्या गटात राग व्यक्त करणारेच बोलतात, विचारात पडलेले बोलत नाहीत. गटात एखादी व्यक्ती अशी असेल की जात, धर्म किंवा घरकामामुळे तिने हे भोगलं आहे, तर चर्चेत तिच्याकडे वळून ‘तुमचा अनुभव सांगा’ असं म्हणू नका. आधी फोन करून पुस्तकात काय येणार आहे ते तिला सांगा आणि बोलायचं की नाही ते तिच्यावर सोडा.

दोन पुस्तकं लागोपाठ घ्यायची असतील तर आधी अंब्रिज, मग ‘मॉकिंगबर्ड’. हॅग्रिडच्या तासाचा प्रसंग नीट वाचलेला गट ज्युरीच्या निकालाशी आला की पुरावा कसा वाचला जातो हे स्वतःहून पाहतो. उलट क्रमाने गेलात तर ॲटिकसच्या भाषणानंतर मुलांना अंब्रिज पोरकट वाटते आणि कायद्यांची ती कलमं कुणी वाचत नाही.