कंबरेत उसण, कटकन आवाज अन् बारा सिटिंगचं पॅकेज

एप्रिलमध्ये कूलर काढला. दरवर्षीचंच काम, ढकलत गॅलरीत न्यायचा, वाळा बदलायचा, पंप चालतो का पाहायचं. त्यात काही झालं नाही, झालं ते तिसऱ्या दिवशी. सकाळी सहाला नळ आला, झोपेतून उठलो तसाच भरलेली बादली उचलली, टाकीत ओतायला वळलो अन् कंबरेत अशी चमक निघाली की बादली तिथंच अन् मी पण तिथंच. उसण भरली. आई म्हणे, "बाजूच्या काकाजींना बोलावते, ते पायाळू आहेत, एक लाथ घालतील की मोकळा होशील." मी म्हटलं, नको बा. मग दिवसभर पडल्या पडल्या मोबाईलवर हाडं वाजवायच्या रील्स पाहिल्या अन् दुसऱ्या दिवशी नागपुरातल्या धरमपेठकडच्या एका कायरोप्रॅक्टिकवाल्याकडे (म्हणजे हाताने मणके-सांधे दाबून उपचार करणाऱ्याकडे) हजार रुपये देऊन आलो, म्हणजे काकाजी जे फुकटात करून राहिले होते तेच जवळपास.

नाव टाकत नाही, कारण अर्धं कौतुक आहे अन् अर्धी तक्रार.

आधी कौतुक. माणसाने डायरेक्ट हात नाही लावला. पायात मुंग्या येतात का, लघवी-संडासवर कंट्रोल आहे ना, मांड्यांच्या मधे बधिर वाटतं का, ताप, पडला-बिडला होतात का, सगळं विचारलं. झोपवून सरळ पाय वर उचलून पाहिला, अंगठा दाबून जोर पाहिला. म्हणे, यातलं काही असतं तर टेबलवर घेतलंच नसतं, सरळ हॉस्पिटलला पाठवलं असतं. इथं मला भरवसा आला. एक्स-रे पण नाही मागितला.

मग कुशीवर झोपवलं, वरचा गुडघा दुमडला, खांदा एकीकडे अन् कंबर दुसरीकडे, अन् दाबलं. कटकन! खरं सांगतो, घाबरलो, पण दुखलं नाही, अन् उठलो तर बरंच हलकं वाटलं. बाहेर काउंटरवरची ताई म्हणे "मणका सरकला होता ना, बसवला सरांनी." आत सर स्वतःच सांगत होते की असं काही बसत-बिसत नसतं, सांध्यातल्या वंगणात दाब कमी होऊन वायूचा बुडबुडा तयार होतो त्याचा तो आवाज, बोटं मोडल्यासारखाच, म्हणून एकदा मोडलेलं बोट वीसेक मिनिटं परत वाजत नाही. मग काउंटरला कोण शिकवते बे?

ही विद्या १८९५ मध्ये अमेरिकेत पामर नावाच्या माणसाने सुरू केली, तेही एका बहिऱ्या माणसाची पाठ दाबून त्याला ऐकू आलं असा दावा करून. आता कानाची नस पाठीतून जातच नाही, तेव्हा या धंद्यात पहिल्या दिवसापासून थोडी फेकाफेक आहेच हे धरून चालायचं. कंबरेपुरतं ठीक आहे. मान मात्र मी करू दिली नाही. झटका देऊन मान फिरवली की क्वचित का होईना तिथली रक्तवाहिनी फाटून स्ट्रोक झाल्याच्या केसेस आहेत, तेव्हा रीलवाली मानेची कटकट आपल्याला नको. सरांनी जबरदस्ती केली नाही, याचा एक स्टार जास्त.

तक्रार पॅकेजची. निघताना बारा सिटिंगचा कागद पुढे केला, "आज भरले तर डिस्काउंट". अहो, साधी उसण बहुतेक वेळा काही आठवड्यात आपोआपच उतरते, मग बारावी सिटिंग होईस्तोवर बरं झालं तर क्रेडिट कोणाचं? मी तीनच केल्या. हलकेपणा दीड-दोन दिवस टिकायचा.

पण दुसऱ्या सिटिंगला जे झालं त्याचे पैसे वसूल. त्याने झाडूचा दांडा दिला, पाठीमागे उभा धरायला लावला, डोकं, पाठ अन् माकडहाड तिन्ही दांड्याला टेकले पाहिजेत, अन् म्हणे आता वाक. मी वाकलो तसा दांडा कंबरेपासून सुटला. "इथंच चुकता. कंबरेतून नाही, खुब्यातून वाका, ढुंगण मागे जाऊ द्या." दहा-बारा वेळा केलं तेव्हा जमलं. मग रिकामी बादली, मग भरलेली. अन् वळायचं तर पाय फिरवून वळा, कंबर पिळू नका. रात्रभर झोपलं की मणक्यांच्या गाद्या पाणी पिऊन फुगलेल्या असतात म्हणून उठल्या उठल्या वाकून वजन उचलायचं नाही, अर्धा-एक तास हिंडाफिरायचं. आता सहाचा नळ अन् साठ लिटरची टाकी म्हणजे पंधरा लिटरच्या चार बादल्या, मी रोज नेमकं हेच करून राहिलो होतो. दुसऱ्या दिवशी पाईप आणला, नळाला लावला, टाकीत सोडला, विषय संपला.

एकूण साडेतीन स्टार. वेळ पाळतात, एसी चांगला. पार्किंगचा अर्धा स्टार कापला, कारण खाली गार्ड प्रत्येकाला गाडी डबल स्टँडवरच लावायला लावते, तेही कंबर दुखणाऱ्यांच्या दवाखान्यासमोर.