पहिल्या दिवसाची क्रमवारी की तीन वर्षांनंतरचा हिशेब?

अमेरिकी कॉलेज फुटबॉलमधील नव्या भरतीची, म्हणजे शाळांमधून संघात येणाऱ्या खेळाडूंच्या तुकडीची, पारख कशावरून करावी, असे एका मित्राने विचारले. भरतीच्या दिवशी जाणकारांनी लावलेली या तुकड्यांची क्रमवारी हाती लगेच येते, फारसे कष्टही पडत नाहीत; मात्र २०२२ मध्ये भरतीत अव्वल ठरलेल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या संघाने त्याच हंगामात ५ सामने जिंकले आणि ७ गमावले. तीन वर्षांनी मागे वळून पाहायला चिकाटी लागते, पण कोण टिकले, कोण संघ सोडून गेले हे तेव्हाच कळते. अलाबामा विद्यापीठाच्या २०१७ च्या अव्वल तुकडीत क्वार्टरबॅक (चढाईची सूत्रे सांभाळणारा, चेंडू फेकणारा खेळाडू) तुआ टागोवायलोआचा गाजावाजा होता, तर त्याच जागेवरचा मॅक जोन्स जाणकारांच्या लेखी पाचपैकी तीनच ताऱ्यांचा. तरीही अलाबामाला २०२० चे राष्ट्रीय विजेतेपद मिळाले तेव्हा क्वार्टरबॅक जोन्सच होता. संघाच्या एकूण ताकदीचा अंदाज हवा असेल त्याने क्रमवारी पाहावी. एखाद्या खेळाडूविषयी किंवा प्रशिक्षक खेळाडू कसे घडवतो याविषयी मत बनवायचे असेल, त्याने थांबावे.